मी टिपलेली हाक

मित्रांनो, ऐकणे एवढेच ज्याचे काम, असा मी एक रेकॉर्डर आहे. तुमच्या कंपासपेटीहून थोडा लहान, रंगाने काळा आणि डोक्यावर जाळीचे दोन कान असलेला. माझ्या छातीवर एक लाल बटण आहे. ते दाबले की समोर जे वाजेल, जे बोलले जाईल, ते मी जसेच्या तसे पोटात ठेवतो. पोट म्हणजे तरी काय, नखाएवढे एक कार्ड. पण त्यात अख्खा बाजार मावतो.

या ‘जसेच्या तसे’चा मला फार अभिमान होता. आता तेच शब्द कोणी माझ्या कौतुकात म्हटले, की मला मान खाली घालावीशी वाटते. मला मान नाही, ही गोष्ट वेगळी. असे का, तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझे कान बसवले आणि ते नीट चालतात का हे पाहायला माझ्यासमोर टिचकी वाजवली. ती टिचकी हा मी ऐकलेला पहिला आवाज. पुढे मी जालन्याला आलो, तो लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या एका गृहस्थांकडे. तिथे मी मंगलाष्टके टिपली, बँड टिपला, पंक्तीत रुसलेल्या व्याह्यांची कुरकुरही टिपली. मग त्या गृहस्थांनी नवा, माझ्याहून भारी रेकॉर्डर घेतला आणि मी कपाटात पडलो. धूळ खात असताना एके दिवशी अपूर्वने मला विकत घेतले.

अपूर्व जालन्याच्या मस्तगडात राहतो. दिवसा तो एका बियाणे कंपनीच्या कचेरीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात गाणी रचतो. त्याची गाणी मात्र निराळी. तुम्ही चिकटवहीत चित्रे कापून चिकटवता ना? तसा तो आवाज कापून चिकटवतो. जुन्या लोकगीतांची चाल घ्यायची, पण तबला-पेटीच्या जागी आसपासचे खरे आवाज वाजवायचे आणि मध्येमध्ये माणसांचे साधे बोलणे पेरायचे, असा एक अख्खा अल्बम त्याला करायचा होता.

मग काय विचारता! आम्ही दोघे स्कूटरवरून जिल्हाभर हिंडलो. मोसंबीच्या लिलावातली बोली मी टिपली. लोखंडाच्या कारखान्यात तापलेल्या सळईवर पाणी पडताना होणारा चर्रकन आवाज टिपला. राजूरच्या गणपतीच्या देवळातल्या घंटा टिपल्या. अंबडच्या बसस्थानकावर एक वाहक दारात उभा राहून ओरडत होता, “जल्दी चढा, जल्दी! बस तुमच्या मामाची न्हाई, सरकारची हाय!” तेही टिपले.

अपूर्वची आई, सुहासिनीबाई, हे सगळे पाहून कपाळाला हात लावायच्या. त्याने पिठाच्या गिरणीचा आवाज लावला, की स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “अरे, त्या गिरणीच्या आवाजाने आधीच आमचे कान किटलेत. तू तो घरी आणून पुन्हा ऐकवतोस!”

“आई, त्यात एक ठेका आहे.”

“ठेका आहे ना? मग दळण घेऊन जा आणि उभा राहून ऐक.”

असे आमचे दिवस आनंदात चालले होते. त्यातल्याच एका दिवशी आम्हाला त्रिंबकमामा भेटले.

राजूरच्या पुढे रस्त्याला लागून एक उघडा माळ आहे. तिथे मेंढरांचा कळप चरत होता. त्रिंबकमामा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. खांद्यावर घोंगडी, कमरेला मिठाची पिशवी आणि शर्टाच्या खिशात मोबाईल. त्यांच्या पत्नी रेणुकाबाई बाभळीखाली बसल्या होत्या. अपूर्वने मला बाहेर काढलेले पाहून मामा जवळ आले.

“काय भरून राह्यले दादा, ह्या डबीत?”

“आवाज, मामा. तुमचा भरू का?”

“माझा? माझ्या आवाजाला तर घरची माणसंबी कटाळली.”

“एकदा तरी खरं बोलले,” रेणुकाबाई बाभळीखालून म्हणाल्या.

मामा हसले. पण मान मिळाला की कोणाला आवडत नाही? त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “थांबा, माझ्या बापाची हाक ऐकवतो तुम्हाला.” त्यांनी तोंडाजवळ तळवा धरला. “हीर्रर्र... ये माय! ये, ये, ये!”

मित्रांनो, माळभर पसरलेल्या कळपाने एकदम माना वर केल्या. आणि सगळी मेंढरे धावत आली. धुळीचा लोट उठला. सर्वांत पुढे होती डोळ्यांभोवती काळी वर्तुळे असलेली काजळी. मामांनी पिशवीतले मीठ तळव्यावर घेतले, काजळीने ते चाटले, मागच्यांनाही थोडे थोडे मिळाले. अपूर्वच्या हातात मी होतो. आनंदाच्या भरात त्याने मला डोक्यापेक्षा उंच धरले.

“मामा, पुन्हा एकदा! मध्येच ट्रक गेला.”

मामांनी पुन्हा हाक मारली. मेंढरे पांगली होती, ती पुन्हा आली. मग वारा आला म्हणून पुन्हा. मग अपूर्वला हाक जरा लांबून हवी होती, म्हणून पुन्हा. पिशवीतले मीठ संपले. मेंढरे मामांचा रिकामा हात हुंगत उभी राहिली.

तेव्हा रेणुकाबाई उठून आल्या. “अहो, मेंढराला खोटी हाक मारायची नसती. हाक मारली का हात रिकामा ठेवायचा न्हाई. मामंजी सांगून गेल्ते ना तुम्हाला?” असे म्हणत त्यांनी दुपारच्या जेवणाचे फडके सोडले आणि भाकरी मोडून मेंढरांना घातल्या. त्या दुपारी नवराबायकोने नुसता कांदा खाल्ला आणि वर पाणी प्यायले.

मी ती हाक टिपली होती. रेणुकाबाईंचे बोलणेही टिपले होते. अपूर्वने घरी जाऊन ते ऐकले आणि आनंदाने टाळी वाजवली. “अल्बमला सुरुवात मिळाली!” तो म्हणाला.

खरेच, अल्बमची सुरुवात रेणुकाबाईंच्याच आवाजात झाली. “मेंढराला खोटी हाक मारायची नसती,” एवढे वाक्य, मग क्षणभर शांतता आणि मग ती हाक. सळईचा चर्रकन आवाज, घंटा, लिलावाची बोली आणि त्यांच्या मधून मधून परत परत तीच हाक, ठेक्यासारखी. लोकांना हे गाणे फार आवडले. मोबाईलवरून ते गावोगाव गेले. कोणी म्हणाले, हे वाक्य प्रेमाबद्दल आहे. कोणी म्हणाले, छे, हे तर निवडणुकीबद्दल. ते मेंढरांबद्दल आहे, असे एकालाही वाटले नाही. अपूर्वला वाटले नाही आणि मला तर मुळीच नाही. मी ते शब्द जसेच्या तसे ठेवले होते, पण ऐकले कुठे होते?

जालन्यात कार्यक्रम झाला. त्रिंबकमामा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यांनी उभे राहून हात जोडले आणि खाली बसायचेच विसरले. रेणुकाबाईंनी त्यांचे धोतर ओढून त्यांना बसवले. कार्यक्रमानंतर मामा अपूर्वच्या कानाशी येऊन म्हणाले, “दादा, ती हाक माझ्या मोबाईलला घालून द्या की. कुणाचा फोन आला का बराबर वाजली पायजे.”

“का नाही, मामा!” अपूर्व म्हणाला. त्याने माझ्या पोटातली सर्वांत स्वच्छ हाक निवडली आणि मामांच्या फोनची रिंगटोन करून दिली. ती इतकी हुबेहूब होती, की मामा स्वतः चमकले. त्या दिवशी मला वाटले, माझ्यासारखा कान या जिल्ह्यात दुसरा नाही.

पुढचे वर्षभर आम्ही तिकडे फिरकलो नाही. अल्बमला एक बक्षीस मिळाले. मग ऑक्टोबरच्या उन्हात, पेढ्यांचा पुडा घेऊन, अपूर्व मामांना भेटायला निघाला. दुसऱ्या अल्बमसाठी काही मिळेल, म्हणून मीही सोबत होतो.

मामांनी त्याला मिठी मारली. पेढा तोंडात असतानाच त्यांचा फोन वाजला, “हीर्रर्र... ये माय! ये, ये, ये!” जवळच्या एकदोन मेंढरांनी कान हलवले आणि पुन्हा गवतात तोंड घातले.

“पाह्यलं का दादा?” मामा हसून म्हणाले. “आधी फोन वाजला का सगळी पळत यायची. आता शहाणी झाली.”

“शहाणी न्हाई झाली,” रेणुकाबाई म्हणाल्या. “फशिवली गेली. तुमचा फोन, पुन्हा चौकातली पोरं. मेंढरं दिसली का मोबाईलवर तीच हाक वाजवत्यात अन् दात काढत्यात. किती बार पळून यावं मुक्या जिवानं?”

“तू बी ना, उगं...”

मामांचे वाक्य अर्धेच राहिले. माळाच्या कडेला कोणीतरी चाऱ्याची ज्वारी कापून नेली होती आणि तिच्या खुंटांना नवे हिरवे फुटवे आले होते. बोलण्याच्या नादात कळप तिकडे वळला होता. मित्रांनो, ज्वारीचे असे कोवळे फुटवे दिसायला गोड असतात, पण जनावराच्या पोटात गेले की विष होतात. गुरे-मेंढरे राखणाऱ्याला हे लहानपणापासून ठाऊक असते.

मामांनी तोंडाजवळ तळवा धरला. “हीर्रर्र... ये माय! ये, ये, ये!”

एकाही मेंढराने मान वर केली नाही.

मामांनी पुन्हा हाक मारली. या वेळी त्यांनी पिशवीत हात घालून मीठ काढले होते आणि भरलेली मूठ उंच धरली होती. “ये माय! ये काजळे! ये गं!” काजळीने वळून पाहिले. क्षणभर पाहिले. मग तिने तोंड फिरवले आणि हिरवा फुटवा तोडला.

मग तिघेही धावले. रेणुकाबाई पदर खोचून पुढे, अपूर्व मागे, आणि मामा पळतापळता हाका मारत होते, “ये माय... ये माय...” मी घोंगडीवर पडून होतो. पेढे खाण्याआधीच अपूर्वने माझे लाल बटण दाबले होते. मी सगळे टिपत होतो. ते माझे कामच आहे. मला कान झाकता येत नाहीत.

त्यांनी कळप हाकलून बाहेर काढला. पण काही मेंढरांनी बरेच खाल्ले होते. ती धापा टाकू लागली, पाय लटपटले, तोंडाला फेस आला. राजूरहून जनावरांचे डॉक्टर आले, इंजेक्शने दिली, काही वाचली. काजळी वाचली नाही. मामा तिचे डोके मांडीवर घेऊन बसले होते आणि हळू आवाजात तिला बोलावत होते.

रेणुकाबाईंची नजर माझ्या लाल दिव्यावर पडली. “दादा, ते चालू हाय का?”

अपूर्वने मला बंद केले. पेढ्यांचा पुडा तसाच उघडा पडला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येऊन अपूर्वने मला संगणकाला जोडले. आदल्या दिवसाचा आवाज घरात पसरला. त्याचा हात सवयीने चालू लागला. जिथे मामांचा आवाज फाटला होता, तिथे त्याने खूण केली. कापायच्या जागेवर तो अशीच खूण करतो. खोटे कशाला सांगू, तो तुकडा ऐकायला विलक्षण होता. असा आवाज मी जन्मात टिपला नव्हता.

सुहासिनीबाई दारात आल्या. “कोण रे हे? कोणाला एवढं बोलावतायत?”

“मेंढरांना.”

“मग ती येत का नाहीत?”

अपूर्वने मान खाली घातली. त्याने आवाज थांबवला. मग त्याने आईला सगळे सांगितले. सुहासिनीबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “अल्बमच्या सुरुवातीला ती बाई काय सांगते, ते आम्ही शंभरदा ऐकलं रे. मी तर भांडी घासताना गुणगुणत होते.”

अपूर्वने तो आवाज माझ्या पोटातून पुसून टाकला. ते गाणे अल्बममधून काढले. पण लोकांच्या मोबाईलमध्ये गेलेली हाक कशी काढणार? ती कोणाकोणाकडे आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. तुम्हीही एखादा आवाज, एखादे चित्र असेच पुढे पाठवत असाल. पाठवायला एक बोट पुरते, बाळांनो. परत आणायला दोन्ही हात पुरत नाहीत.

आठवड्याने आम्ही पुन्हा माळावर गेलो. मामा कळपाभोवती धावत होते. हाक मारणे त्यांनी सोडले होते. इकडून वळवावे तर मेंढरे तिकडे जात, मामा गुडघे धरून उभे राहत आणि पुन्हा पळत. अपूर्वने त्यांच्या पायांना हात लावला. “मामा, चूक माझी आहे. मी ती हाक विकली.”

“उठा दादा.” मामांनी त्याच्याकडे पाहिले नाही. “मोबाईलला कुणी घाला म्हन्लं? मीच ना? बापानं जपलेली हाक व्हती, अन् मी तिचं खेळणं केलं. चौघांत मिरवायला. समदी लाज तुम्हालाच कशी देऊ?”

“पुढं काय करणार?”

“काय करणार? पाय किती दिवस पळतील? येत्या बाजारी कळप काढून टाकायचा म्हणून राह्यलो.”

रेणुकाबाई दोरी वळत बसल्या होत्या. त्यांनी दोरी खाली ठेवली. “बिलकुल काढायचा न्हाई. दुसरी हाक लावू.”

“हाक काय बाजारात मिळती का?”

“माझ्या माहेरची हाय ना. अंबडकडची. माझा बाप मारायचा ती.”

मामांनी नकाराची मान हलवली. मित्रांनो, मेंढपाळांत प्रत्येक घराची हाक वेगळी असते आणि बायकोच्या माहेरची हाक कोणी आपल्या कळपाला लावत नाही. सासरी आल्यापासून रेणुकाबाईंनी ती एकदाही मारली नव्हती.

“लोक हासतील,” मामा म्हणाले. “त्रिंबक बायकोच्या घरची हाक मारतो म्हणतील.”

“मेंढरं मेली तवा लोक आल्ते का रडाया?”

मामांनी काठी खाली ठेवली. मग त्यांनी खिशातला फोन काढला आणि अपूर्वच्या हातात दिला. “आधी ह्यातली काढा.” मग ते रेणुकाबाईंकडे वळले, “मंग शिकव तुझी.”

अपूर्वने रिंगटोन काढली. मग त्याने स्कूटरवरून खडेमिठाची गोणी आणली. आणि मग, अगदी सवयीने, त्याचा हात खिशातल्या माझ्याकडे गेला. रेणुकाबाईंनी ते पाहिले.

“दादा, राग मानू नका. ती डबी गाडीत ठेवा. अन् गाडी पार तिकडं, सडकेला लावा.”

मी स्कूटरच्या डिकीत गेलो. वर झाकण बसले. आयुष्यात प्रथमच समोर काहीतरी घडत असताना मी काहीच ऐकत नव्हतो. सडकेवरून एक ट्रॅक्टर गेला, तेवढाच कळला. माळावर हाक मारली गेली असेल. ती लांब होती का आखूड, तिच्यात ‘माय’ होते का ‘बाई’, मामांना ती पहिल्यांदा नीट जमली का रेणुकाबाई हसल्या, यातले मला काहीही ठाऊक नाही.

त्यानंतर अपूर्व दर रविवारी तिकडे जाऊ लागला. दर वेळी मिठाची गोणी घेऊन, आणि दर वेळी मी डिकीत. मला राग येत नाही. लाज मात्र अजून येते. मी वाजणारे सगळे टिपले आणि त्यातले एकही समजून घेतले नाही, याची.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो, मित्रांनो. तुमच्या प्रत्येकाच्या घरात आता माझी भावंडे आहेत, मोबाईलच्या पोटात बसलेली. कोणाचे रडणे, कोणाचे गाणे, कोणाची हाक टिपण्याआधी त्या माणसाला विचारा. नुसते ‘घेऊ का?’ एवढ्यावर थांबू नका, ‘हा आवाज कशासाठी असतो?’ हेही विचारा. आणि उत्तर मिळाले, की ते नीट ऐका. काही आवाज कामाला लावलेले असतात. त्यांना त्यांचे काम करू द्यावे.

अशाच एका रविवारी, संध्याकाळी, अपूर्वने डिकी उघडली आणि मला बाहेर काढले. त्याचे दोन्ही तळवे ओले होते, मिठाने चिकट झाले होते, आणि त्यांना लोकरीचे धागे लागले होते. मेंढरांनी चाटून चाटून ओले केल्याशिवाय माणसाचे हात असे होत नाहीत. ते मीठ माझ्या बटणालाही लागले. मिठाने यंत्र खराब होते, हे अपूर्वला माहीत आहे. तरी त्याने मला पुसले नाही, आणि पुसावे असे मलाही वाटले नाही.